सरांचे बारा जिताडे

बसा मंडळी, बसून घ्या. मागे ऐकू येतंय ना?

मी दत्ताराम शेडगे, वरसे गावचा. या कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत सव्वीस वर्षं सहाय्यक होतो, गेल्या वर्षी रिटायर झालो. आज बोलणाऱ्यांच्या यादीत माझं नाव नव्हतं. म्हात्रे सरांच्या आई कासूवरून आल्यात, या पुढं बसल्यात, त्या म्हणाल्या दत्ता बोलंल. म्हणून मला बोलावलंय. आई, तुम्ही बोलायला लावलंत, आता मी काय बोलतो त्याची जबाबदारी तुमची.

बोलायला जड जातंय. माणूस गेला त्याचं तर आहेच. पण मघापासून तासभर मी या खुर्चीत बसून तुमची भाषणं ऐकतोय, आणि त्यानं जास्त जड झालंय. एक जण म्हणाले, सर म्हणजे ज्ञानाचा सागर. दुसरे म्हणाले, सर म्हणजे दीपस्तंभ. सागर झाला, दीपस्तंभ झाला, सरांचं काम काय होतं ते एकानंही सांगितलं नाही. का नाही सांगितलं? कारण माहीत नाही. वीस वर्षं एकाच स्टाफरूममध्ये चहा प्यालात आणि माहीत नाही.

आणि हा बोर्ड. मागे वळून बघा. डॉक्टर हरिश्चंद्र म्हात्रे. कुणी लिहिलं हे डॉक्टर? सर डॉक्टर नव्हते. त्यांचा प्रबंध पुरा झाला नाही. का झाला नाही हे या हॉलमधल्या निम्म्या लोकांना ठाऊक आहे, आणि त्यांनीच बोर्ड लिहायला दिलाय. मी स्टेजवरची भाषा बोलायचा प्रयत्न करतो मंडळी, पण चिडलो की माझी गावची भाषा येते. चालवून घ्या.

तुम्ही सरांना काय म्हणायचात? चरबीमास्तर. हो ना? समोर सर, पाठीमागे चरबीमास्तर. कारण सर पेशीच्या आवरणातल्या स्निग्ध पदार्थांवर काम करायचे. लिपिड. तुम्हाला वाटलं चरबी म्हणजे बोकडाच्या रश्शावर येते ती. शिकलेली माणसं तुम्ही. मी दहावी नापास, मला कळलं, कारण मी विचारलं. तुम्ही कधी विचारलंत?

विचारलं नाही ना, मग आता ऐका. सागर-दीपस्तंभ एक तास ऐकलेत, हे दहा मिनिटं ऐका.

आपल्या आतड्याला आतून पेशींचं अस्तर असतं. एकाला एक चिकटून उभ्या पेशी. प्रत्येक पेशीची एक बाजू आतड्यातल्या अन्नपाण्याकडे, ती वरची. दुसरी बाजू रक्ताकडे, ती खालची. वरच्या बाजूचं काम वेगळं, खालच्या बाजूचं वेगळं. पेशीला आपलं वर कुठलं आणि खाली कुठलं हे कळावं लागतं. पुस्तकात त्याला ध्रुवीयता म्हणतात. सर म्हणायचे, दत्ता, पेशीला वरखाली कळलं नाही तर माणूस पाणी पिऊन तहानेनं मरेल.

आता गंमत अशी की पेशीचं आवरण सगळीकडून एकच असतं. तेलाचं, दोन पदरांचं. एक पदर बाहेरचा, एक आतला. आणि तेल तर पसरणारच. मग वरच्या बाजूचं तेल खालच्या बाजूला का जात नाही? आणि दोन्ही बाजूंचं तेल एकसारखं नसतं, बरं का. वरच्या बाजूच्या तेलाला साखरेची टोकं असतात, त्यात कोलेस्टेरॉल जास्त, ते घट्ट असतं. खालच्या बाजूचं सैल. एकाच आवरणात दोन प्रकारची तेलं वर्षानुवर्षं आपापल्या जागी राहतात. हे कसं? हा सरांचा प्रश्न.

मला हे समजेना. तेव्हा एका रविवारी सर मला कासूला घेऊन गेले. घरी जेवण झालं आणि मग खारबांधावर नेलं. एका बाजूला खाडीचं पाणी, दुसऱ्या बाजूला भाताची शेतं, मध्ये मातीचा बांध. सर म्हणाले, पेशी-पेशींच्या मध्ये मानेजवळ असाच बांध असतो, चारी बाजूंनी. बाहेरच्या पदरातलं तेल सरकत येतं आणि या बांधाला अडतं. आतल्या पदरातलं मात्र बांधाखालून इकडचं तिकडे जातं. म्हणून वरखालीचा फरक टिकतो तो बाहेरच्या पदरात.

एवढ्यात या आई मागून आल्या. आई, आठवतंय का तुम्हाला? तुम्ही बांधावर वाकून बघितलंत आणि सरांना म्हणालात, "हरी, वरशी चांगला दिसतंय, पन खालशी पाणी झिरपतंय. खालशी बघ." बांधाला खेकड्यांनी भोकं पाडली होती. वेळेवर बघितलं नसतं तर भरतीला बांध फुटून खांड गेली असती, खारं पाणी शेतात. सर तिथेच हसायला लागले. म्हणाले, दत्ता, मी तुला अर्धा तास जे सांगत होतो ते आईनं एका दमात सांगितलं. मग आम्ही तिघांनी मिळून चिखल लावला. परतीच्या गाडीत माझ्या पँटला गुडघ्यापर्यंत चिखल होता आणि मला पेशी समजली होती.

पण बांध ही अर्धीच गोष्ट. बांध फरक टिकवतो, पण मुळात वरचा माल वर आणि खालचा माल खाली पोचवतं कोण? पुस्तकं सांगायची की सगळं प्रथिनं ठरवतात. त्यांच्यावर जणू पत्ता लिहिलेला असतो. तेल आपलं नुसतं भरायचं सामान, त्याला काही अक्कल नाही. सरांना हे पटायचं नाही. परदेशात काही जण त्या वेळी म्हणायला लागले होते की हे साखरेच्या टोकांचं तेल पेशीच्या आत आधीच एकत्र जमतं, आणि वर जाताना ज्या प्रथिनांना वर जायचंय त्यांना सोबत घेऊन जातं. सर ते झेरॉक्सचे कागद मुंबईहून आणायचे आणि पेन्सिलीनं खुणा करून वाचायचे. मला म्हणायचे, दत्ता, ज्याला सगळे नुसतं भरताड समजतात ना, तेच बहुतेक सगळं ठरवत असतं.

स्टाफरूममध्ये हे सांगितलं तेव्हा एका प्राध्यापकांनी विचारलं, म्हात्रे, मग यात तूप आलं का? आणि सगळे हसले. ते प्राध्यापक मघाशी दीपस्तंभ म्हणाले.

तर सरांनी प्रयोगाला जिताडा मासा घेतला. का घेतला? कारण जिताडा खाऱ्या पाण्यात राहतो आणि गोड्यातही राहतो. खाऱ्यात असला की पाणी पितो आणि आतड्यातून मीठपाणी शोषून घेतो. गोड्यात आला की पिणं जवळजवळ बंद. म्हणजे आतड्याच्या पेशीला आपल्या वरच्या बाजूचं काम बदलावं लागतं. सरांचा प्रश्न एवढाच होता, की बदल होताना आधी तेल बदलतं का आधी प्रथिन? आधी तेल बदललं असेल तर तेल नुसतं भरताड नाही. एका ओळीचा प्रश्न. त्यासाठी माणसानं आयुष्य लावलं.

पेणजवळच्या तळ्यातून पिल्लं आणली. प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीत सिमेंटच्या दोन टाक्या बांधल्या, निम्म्या विटा मी वाहिल्यात. एका टाकीत खारं पाणी, सहा जिताडे. दुसरीत हळूहळू गोडं करत नेलेलं पाणी, सहा जिताडे. चौदा महिने. रोज सकाळी सर कासूच्या खाडीचं पाणी कॅनमध्ये भरून पॅसेंजरनं रोह्याला आणायचे. डब्यातले लोक शिव्या द्यायचे, कॅन गळतो म्हणून. माशांना खायला करंदी आणायची, पाण्याचा खारटपणा मोजायचा, वहीत लिहायचं. एकेक जिताडा किलोच्या वर झाला. त्या आठवड्यात मासे उघडायचे होते. आतडी बर्फात घालून मुंबईच्या प्रयोगशाळेत न्यायची होती, तिथला दिवस ठरला होता.

आणि त्या शनिवारी कॉलेज तपासायला कमिटी आली.

आता तुम्ही खाली का बघताय? अजून तर मी काही बोललोच नाही.

आपल्या या मुलखात जिताडा पाळणारा माणूस तो कशासाठी पाळतो? साहेबाला द्यायला. तहसीलदाराला द्यायचा, इंजिनियरला द्यायचा, व्याह्याला द्यायचा. जिताडा दुसऱ्या कशासाठी असू शकतो हे आपल्या डोक्यातच येत नाही. आमच्या संस्थेच्या अध्यक्षांनी, अण्णासाहेबांनी, खिडकीतून टाकीत बघितलं आणि त्यांना वाटलं म्हात्र्यांनी कमिटीसाठी सोय केलीय. अण्णासाहेब, तुम्ही हे मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. मुद्दाम केलं असतं तर मला तुमच्याबद्दल थोडं तरी काही वाटलं असतं. तुम्हाला खरंच वाटलं की बारा मासे चौदा महिने दोन टाक्यांत वेगळे ठेवलेत, ते तुमच्या पंगतीसाठी.

सर त्या दिवशी मुंबईला गेले होते, प्रयोगशाळेची वेळ नक्की करायला. इकडे बाराच्या बारा कापले. तळले, कालवण केलं. कमिटीनं बोटं चाटली. जेवणानंतर अण्णासाहेबांनी भाषण केलं की म्हात्रे सरांनी घरचे जिताडे देऊन संस्थेची शान राखली. आणि सोमवारी, ऐका, सोमवारी सरांना ऑफिसात बोलावून शाल आणि नारळ दिला. मासे खाल्ले आणि सत्कार केला.

सर ऑफिसातून खाली आले. हातात शाल, नारळ. टाक्या बघितल्या. मला वाटलं ओरडतील. मला फक्त एक विचारलं, "दत्ता, आतडी कुठं टाकली?"

मी स्वयंपाकघराच्या मागचा उकिरडा दाखवला. सर तिथे गेले. दोन दिवस झाले होते, मांजरं होती, कावळे होते. तिथे काय मिळणार? परत आले, हात धुतले आणि म्हणाले, "मला विचारलं असतं तर मासे मीच साफ करून दिले असते रे. मला नुसती आतडी हवी होती."

कळलं का मंडळी? सरांना मासा नको होता. तुम्ही जे खाल्लंत त्यातलं सरांना काही नको होतं. तुम्ही जे फेकून दिलंत तेवढंच त्यांना हवं होतं. कुणी जिना उतरून एक वाक्य विचारलं असतं तरी दोघांचं काम झालं असतं, तुमची पंगत आणि त्यांचा प्रबंध. पण चरबीमास्तराला काय विचारायचं?

आता माझं ऐका. तुम्ही म्हणाल, दत्ता आज सगळ्यांची उणीदुणी काढतोय. खोलीची किल्ली कोणाकडे होती? माझ्याकडे होती. शिपाई आला, म्हणाला अण्णासाहेबांनी जिताडे मागवलेत. मी खोली उघडून दिली. त्यांना जाळ्यात मासे धरता येईनात, म्हणून मी धरून दिले. बाराच्या बारा माझ्या हातांनी धरले. वर हे सांगितलं, की खाऱ्या टाकीतले आधी तळा, त्यांना चव जास्त. मला पेशी समजली होती. बांध समजला होता. तरी साहेबानं मागितलं म्हटल्यावर माझा हात आपोआप किल्लीकडे गेला. दुपारी स्वयंपाकघरात बसून मी दोन तुकड्या खाल्ल्या. चव चांगली होती. मी स्वतःला तुमच्यापेक्षा खालचा समजतो, कारण तुम्हाला माहीत नव्हतं आणि मला माहीत होतं. सरांनी मला आयुष्यात त्यावरून एक शब्द बोलून दाखवला नाही, आणि ते मला अजून सोसत नाही.

सरांनी काय केलं? पुन्हा पेणला गेले. पुन्हा बारा पिल्लं आणली. ती शाल घडी करून हवेच्या पंपाखाली घातली, पंप फार खडखड करायचा म्हणून. अण्णासाहेब, तुमच्या शालीचा एवढा उपयोग झाला. पुन्हा रोज कॅन, पुन्हा पॅसेंजर, पुन्हा चौदा महिने. या वेळी सोबत रुबीना होती. ही बघा, त्या खांबाजवळ उभी आहे, तिला कुणी खुर्ची दिली नाही. रोह्याचीच मुलगी, वडील कुवेतला असतात. इथेच बी.एस्सी. केलं आणि तेव्हापासून सरांच्या हाताखाली काम करतेय. आतडं कसं उघडायचं, अस्तर कसं खरवडायचं, त्यातलं तेल कसं वेगळं करायचं, सगळं तिला येतं. येत्या सोमवारी मासे उघडायचे ठरलेत. मुंबईचा दिवस ठरलाय. आणि गुरुवारी सकाळी सर कासूच्या स्टेशनवर बाकावर बसले आणि गाडी आली तरी उठले नाहीत. हा कॅन त्यांच्या पायाशी होता. स्टेशनातल्या माणसानं मला दिला, मी तो आज घेऊन आलोय. भरलेलाच आहे.

मग कॉलेजनं काय केलं? दुःख म्हणून प्राणिशास्त्र विभागाला कुलूप लावलं. आत मासे आहेत ते तसेच. चार दिवस करंदी नाही, पाणी नाही. रुबीना प्राचार्यांकडे दोनदा गेली, मी एकदा गेलो. उत्तर काय? दुखवटा आहे, दुखवट्यात उघडता येत नाही. आणि आज या हॉलच्या दारात एका सद्गृहस्थांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून हळूच विचारलं, "दत्ता, त्या जिताड्यांचं काय करणार रे आता?" मी नाव घेत नाही. दुसऱ्या रांगेत आहेत.

गेली लाइट. बसा, कुणी उठू नका. मला माईक लागत नाय. सव्वीस वर्षं पोरांवर ओरडलोय.

काय सांगत होतो, दुसऱ्या रांगेत…

थांबा. रुबीना, तुझ्या लक्षात आलं ना?

मंडळी, पंप बंद पडला. लाइट गेली की पंप बंद पडतो. दोन टाक्या, बारा मोठे मासे, हवा नाय.

आली. आली लाइट. बघा, पंखे फिरायला लागले तसे सगळ्यांनी वर बघून हुश्श केलं. तुमचे पंखे आपोआप चालू होतात. पंप आपोआप चालू होत नाय. त्याचं बटण दाबायला लागतं आणि बटण कुलपाच्या आत हाय.

प्राचार्य साहेब, किल्ली.

सभा संपल्यावर नाय. आता. मागल्या वेळी साहेबानं मागितली आणि मी मुकाट्यानं दिली. या वेळी मी मागतोय, तुम्ही द्या. अण्णासाहेबांकडे काय बघताय? मासे अण्णासाहेबांच्या तोंडाकडे बघून श्वास घेणार हायत का?

आई, बसा तुम्ही. तुम्ही कशाला उठताय?

ऐका, आई काय म्हणतात ते. मोठ्यानं बोला आई. "किल्ली दे रे बाबा, माजा पोर कवाचा उबा हाय." ऐकलंत? त्या कुलपाशी पोर उभा आहे म्हणतात.

हां. खिशातच होती. तासभर तुमच्या खिशातच होती.

रुबीना, ये गो. ही किल्ली घे. हा कॅन घे, जड हाय, दोन्ही हातांनी धर. आधी बटण दाब, मग पाणी, मग करंदी. सोमवारी मी येतोय, मासे धरून द्यायला. आतडी तुझी, बाकीचा मासा कोणाला पाहिजे त्यानं न्यावा. जा, धावू नको, पाणी सांडंल.

आणि तुम्ही सगळे उभे राहा. कार्यक्रमपत्रिकेत दोन मिनिटं मौन लिहिलंय, मी घड्याळ बघणार नाय. मागची खोली या भिंतीच्या पलीकडेच हाय. पंपाखाली शाल हाय, त्यामुळं आवाज हळू येतो, कान देऊन ऐकावं लागेल. कुणी खोकू नका, कुणी बाजूच्याशी बोलू नका. पंपाचा आवाज येईपर्यंत कुणी खाली बसायचं नाय.